सदतीस नंबरची आजी

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही. प्रशिक्षणात पाच दिवस जमिनीवर गोल करून बसवल्यामुळे कंबर धरली आहे. तेव्हा जेवढा वाकलो तेवढा पदरात घ्यावा, बाकीचा भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलेलं असताना तुम्ही रोज टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर जाता, असं मामी फोनवर म्हणाली. ती म्हणाली हे मी तुम्हाला सांगितलं, हे तिला सांगू नका. इकडे सगळे बरे. तुमच्या भाचेसुनेचा खोकला थांबला, म्हणजे बोलणं पूर्ववत सुरू झालं आहे. मी पंधरा दिवस पत्र लिहिलं नाही म्हणून रागावू नका. या पंधरा दिवसांत माझं जे काही झालं ते ऐकलंत तर तुम्हीच म्हणाल, की गप्प बसला होता तेच बरं होतं.

आधी दोन गोष्टी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं डोक्यावरून जाणार नाही. पहिली अशी, की आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोन महिन्यांनी निवृत्त होतात आणि त्या खुर्चीवर मी आणि चित्रकला मास्तर असे दोघं डोळा ठेवून आहोत. (चित्रकला मास्तरांना सरळ रेषसुद्धा पट्टीशिवाय ओढता येत नाही, पण माणूस गोड बोलतो.) दुसरी अशी, की दर सत्राच्या शेवटी मी सातवीतली गणितात कच्ची मुलं निवडून त्यांची यादी कार्यालयात देतो. ती मुलं मग दुपारच्या तुकडीत जातात. दुपारची तुकडी म्हणजे तळमजल्यावरची जिन्याखालची खोली. तिथे बीजगणित नाही, प्रयोगशाळा नाही, दोन वर्षं फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि दाखला घेऊन घरी जायचं. तिकडे गेलेलं पोर सकाळच्या शाळेत परत आलेलं मी चोवीस वर्षांत पाहिलं नाही. यंदा यादीत नऊ जण होते, आणि त्यात एक होती सदतीस. (मी मुलांना हजेरीच्या नंबरानं हाक मारतो. पन्नास पोरांची नावं डोक्यात भरली तर गणिताला जागा कुठे राहील?) सदतीस म्हणजे शेवटून दुसऱ्या बाकावरची, वर्षभर तोंडात गुळणी धरून बसलेली मुलगी. उभं केलं की उभी राहते, बस म्हटलं की बसते, मधल्या वेळात काही नाही.

तर वरून हुकूम आला, की शहरातल्या सर्व शिक्षकांनी 'संस्कृती-प्रतिसादी अध्यापना'चं पाच दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. मोठ्या बाईंनी तो शब्द वाचताना मध्ये एकदा श्वास घेतला आणि नंतर पाणी प्यायल्या. अर्थ अगदी साधा आहे. शहरातली पोरं नाना घरांतून येतात, घरी वेगळी भाषा बोलतात, आईबाप वेगळी कामं करतात. मास्तरानं ते घर ओळखावं आणि तिथून शिकवायला सुरुवात करावी. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण एवढं सांगायला पाच दिवस, एक पडदा आणि लोकरीचा गुंडा कशाला लागावा, ते मला अजून उमगलेलं नाही. लोकरीचा गुंडा खराच होता. पहिल्या दिवशी तज्ज्ञबाईंनी (तिशीच्या असतील, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर न विझणारं हसू) आम्हा चाळीस मास्तरांना गोलात बसवलं, गुंडा एकाकडे फेकला आणि म्हणाल्या, आपल्या घराबद्दल एक गोष्ट सांगा, धागा धरून ठेवा आणि गुंडा पुढे फेका. अर्ध्या तासात असं जाळं झालं, की चहा आला तेव्हा कोणालाच उठता येईना. आमचे खेळाचे मास्तर, ज्यांना सगळी शाळा 'शिट्टी' म्हणते, ते चहाच्या ओढीनं जोरात उठले आणि त्यांच्याबरोबर इंग्रजीच्या दोन बाई अर्ध्या उठल्या. शेवटी शिपायानं कात्री आणून आमची परस्परांशी जुळलेली नाती कापली.

दुसऱ्या दिवशी संस्कृतीचं झाड काढायला लावलं. विज्ञानाच्या बाईंनी खरोखरचं झाड काढून मुळं, खोड, पान अशी नावं दिली आणि त्यांना वाटलं आपण पास. तिसऱ्या दिवशी डोळे बांधून एकमेकांना जिन्यावरून फिरवलं. विश्वासासाठी म्हणे. माझा हात चित्रकला मास्तरांच्या हातात होता, तेव्हा मी पट्टीखालून बघत होतो हे वेगळं सांगायला नको. आणि चौथ्या दिवशी हातात ठेवलं 'विद्यार्थी संस्कृती नोंदपत्रक'. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी जायचं, घरची भाषा कोणती, मोठं कोण, कामधंदा काय, घरात कोणती कला किंवा ज्ञान आहे, ते विचारून एकेका मुलासाठी अकरा रकाने भरायचे. मुदत आठ दिवस.

मामा, तुम्ही शिक्षण कार्यालयात अख्खी नोकरी काढलीत, तुमच्यापासून काय लपवायचं? मास्तर लोक तक्ते कसे भरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलांच्या वजन-उंचीचा तक्ता मी चोवीस वर्षं भरतोय आणि आमच्या शाळेत वजनकाटा नाही. दर सत्राला प्रत्येकाचं वजन एक किलो आणि उंची दोन बोटं वाढवतो. माझ्या वर्गात आजारी पडलेलं मूलसुद्धा नियमानं वाढतं. तोच शिरस्ता इथे. मधल्या सुट्टीत आणि एका मोकळ्या तासात, शिक्षकखोलीत पाय लांब करून पन्नास घरांची संस्कृती मी एकहाती उभी केली. एक ते दहा नंबरांच्या घरी विणकाम दिलं, अकरा ते वीस गायन, एकवीस ते तीस झाडपाल्याची औषधं. (बावीस नंबरचे वडील औषधाच्या दुकानात आहेत, म्हणजे तिथे मी खऱ्याच्या अगदी जवळ गेलो होतो.) तिसाच्या पुढे मलाच कंटाळा आला आणि कंटाळलेला माणूस काहीतरी नवं करायला जातो. सदतीसच्या रकान्यात मी लिहिलं, 'घरी वृद्ध आजी. बोटांच्या पेरांवर गणित करण्याची पिढीजात पद्धत त्यांना येते. मुलीला ती अवगत.' लिहिलं आणि समाधानानं चहा प्यालो.

पत्रकं दिल्यावर तिसऱ्या दिवशी तज्ज्ञबाई शाळेत हजर. शहरातली दोन हजार पत्रकं चाळली म्हणे, पण असं रत्न एकच सापडलं. पुढच्या गुरुवारी या आजींना वर्गात बोलवा, त्यांच्या पद्धतीवर तुम्ही नमुना पाठ घ्या, मी उपसंचालक साहेबांना घेऊन येते. हे सगळं त्यांनी मोठ्या बाईंसमोर सांगितलं, आणि मोठ्या बाईंनी चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. चित्रकला मास्तरांचा चेहरा उतरला. मामा, त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं, कळतं मला. पण उतरलेला तो चेहरा इतका छान दिसत होता, की मी म्हणालो, आजींना कळवतो.

आता आली का पंचाईत. संध्याकाळी सदतीसचा पत्ता काढून गेलो. टायरच्या दुकानावर तिसरा मजला, लिफ्ट बंद. (वडील लिफ्ट दुरुस्त करतात, हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, मालक सुटे भाग आणून देत नाही, नुसत्या हातांनी लिफ्ट वर जाते का.) दीड खोली, पण लखलखीत. भिंतीला लागून पलंग, पलंगावर घडी केलेले गणवेश, खिडकीत शिवणाचं यंत्र. मास्तर दारात म्हटल्यावर आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. आजी कुठे आहेत, असं मी विचारलं. आजी नव्हती. दोन्हीकडच्या आज्या हिच्या जन्माआधीच गेलेल्या.

हे सगळं मला सांगत कोण होतं? सदतीस. वर्षभरात जिचा आवाज ऐकला नव्हता ती मुलगी आईशी एका भाषेत, बापाशी दुसऱ्या आणि माझ्याशी आपल्या भाषेत, अशी तिन्ही घोडी एकदम हाकत होती. मध्येच समोरच्या दारातून एक वयस्क बाई, बारीक अक्षर दिसत नाही म्हणून, दवाखान्याचा कागद घेऊन आल्या, तो तिनं वाचून दिला. खालचा टायरवाला फोनवर कोणाशी तरी भांडत वर आला, ते भांडण तिनं त्याच्या वतीनं जिंकून दिलं.  मग वडिलांनी तिच्यामार्फत मला एक प्रश्न विचारला. दुपारच्या वर्गात उजेड खरंच इतका चांगला असतो का? मला काही समजेना. तिनं मान खाली घातली. हळूहळू उलगडा झाला. यादीतल्या पालकांना शाळेनं पत्र पाठवलं होतं, मुलगी मंद आहे, तिला दुपारच्या तुकडीत टाकत आहोत. आईबापांना आपली लिपी येत नाही, घरातली सगळी पत्रं तीच वाचून दाखवते. हेही तिनंच वाचून दाखवलं. तिनं वाचलं, की दुपारी उजेड चांगला असतो म्हणून मला तिकडे बसवणार आहेत. मामा, पत्राखाली सही माझी होती. मी वडिलांना म्हणालो, हो, उजेड बरा असतो. तिथे दिवाही नाही.

मग मी काय केलं असेल? तुम्हाला वाटेल लाज वाटली आणि परत आलो. छे. मी तिला जिन्यात बोलावून सौदा केला. गुरुवारी आजी आणि पद्धत दोन्ही तू उभी कर, तुझं नाव मी यादीतून काढतो. तिनं फक्त विचारलं, मी पत्रकात नेमकं काय लिहिलंय. मी सांगितलं. ती आपल्या हाताकडे बघत वर निघून गेली.

आजी तिनं समोरच्या दारातली आणली. दवाखान्याच्या कागदवाली तीच. बाई तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. त्यांना आपली भाषा तुमच्या-माझ्याइतकीच येते, पण सदतीसनं त्यांना बजावलं होतं, की वर्गात फक्त घरची भाषा बोलायची, दुभाषी मी. गुरुवारी साहेब, तज्ज्ञबाई, मोठ्या बाई आणि कॅमेरावाला दारातच गर्दी करून उभे राहिले, तेव्हा आजींनी सवयीनं असा काही हात केला, की सगळे निमूट आत सरकले. तज्ज्ञबाईंनी नम्रपणे विचारलं, ही विद्या आपल्याला कोणाकडून मिळाली? आजी दोन मिनिटं तावातावानं बोलल्या. सदतीस म्हणाली, आजी म्हणतात, आकडा डोक्यात शिरत नसेल तर आधी हातात धरावा. साहेबांनी मान डोलावली, तज्ज्ञबाईंनी लिहून घेतलं. दाराशी उभा असलेला आमचा शिपाई मात्र तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. त्याला ती भाषा येते. आजी म्हणाल्या होत्या, या खुर्चीचा खिळा टोचतोय, चहा देणार आहात की नाही, आणि हा टकल्या माझ्याकडे असा टक लावून का बघतोय. (टकल्या म्हणजे साहेब.)

आणि मग पद्धत. मी खडू घेऊन नुसता उभा होतो, कारण मला काहीच माहीत नव्हतं. सदतीस पुढे आली आणि सगळ्यांना उजवा हात वर करायला लावला. अंगठा सोडून चार बोटं, एका बोटाला तीन पेरं, एकूण बारा. हात म्हणजे एक पूर्ण. एक बोट म्हणजे पाव. प्रत्येक बोटाचं टोकाचं एक पेर घेतलं की चार पेरं, तो झाला तिसरा भाग. आता पाव आणि तिसरा भाग मिळवा, अंगठ्यानं मोजा. तीन आणि चार, सात पेरं, म्हणजे बारापैकी सात. मामा, अपूर्णांकांची ही बेरीज मी सत्रभर घसा फोडून शिकवली आणि अर्ध्या वर्गाला ती आली नाही. तिनं दहा मिनिटांत पन्नास पोरांच्या हातात दिली. जिथे पोरं अडली तिथे ती त्यांच्या घरच्या भाषेत सांगत गेली. यादीतले सहा जण उत्तर द्यायला हात वर करून बसले होते. ते हात वर करतात हेच मला माहीत नव्हतं. साहेबांनीही मोजलं, मोठ्या बाईंनीही मोजलं. मीसुद्धा हात मागे लपवून मोजलं.

पाठ संपल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, तुम्ही पेरांवर लिहिलं होतं, म्हणून पेरं मोजून बघितली. अपूर्णांक तुमच्याच तासाला समजले होते. मग वर्गात बोलत का नाहीस? तेव्हा जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"उत्तर मला आधी घरच्या भाषेत येतं, सर. ते तुमच्या भाषेत करेपर्यंत तुम्ही अडतीसवर गेलेले असता."

 चोवीस वर्षं मी भरभर शिकवतो म्हणून मला शाबासकी मिळत आली आहे.

असो. सध्या परिस्थिती अशी, की तज्ज्ञबाई पुस्तिका काढत आहेत, तीत 'आजींची पेर-पद्धत' पहिल्या पानावर येणार आहे, पिढीजात म्हणून. जी मुलीनं पाच दिवसांत बसवली ती पिढीजात. मला प्रमाणपत्र मिळालं आहे, वर 'उत्कृष्ट' असा शेरा. पुढच्या महिन्यापासून दोनशे मास्तरांना हे प्रशिक्षण मीच द्यायचं आहे आणि लोकरीचा गुंडा आजच माझ्या ताब्यात दिला गेला. ठरल्याप्रमाणे सदतीसचं नाव मी पट्टी लावून यादीतून खोडलं आणि खाली 'एकूण आठ' करून सही ठोकली. सौदा पुरा झाला. चित्रकला मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. एकंदरीत तुमच्या भाच्याचं बरं चाललं आहे.

मामीला नमस्कार. गच्चीवर जाऊ नका, टाकीत पाणी असतंच.

आपला, पेरं मोजत बसलेला,
भाचा

ता. क. १ : लिहायचं राहिलंच. (राहिलं नव्हतं, पत्र त्यासाठीच काढलं होतं, पण एकदम पहिल्या ओळीत कसं मागायचं?) हे उपसंचालक साहेब तुमच्या हाताखाली कारकून होते, असं त्यांच्याच बोलण्यात आलं. तुमचं नाव निघताच ते खुर्चीत सरळ बसले. मोठ्या बाईंच्या जागेबद्दल त्यांना एक फोन कराल का? तुम्ही आयुष्यात कोणासाठी शब्द टाकला नाहीत, माझ्या नोकरीच्या वेळीही नाही, आणि मामी ते तुम्हाला अजून ऐकवते, हे मला माहीत आहे. पण एकदाच.

ता. क. २ : वरचं खोडावं म्हटलं, पण शाई पसरली, म्हणून तसंच ठेवतो. त्या जागेबद्दल फोन करू नका. पत्र पाकिटात घालून मी शाळेत नेलं होतं. जिन्यात सदतीस भेटली. तुझं नाव काढलं बरं का, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तिला आनंद झाला, दिसला मला. दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि तिनं विचारलं,

"सर, बाकीच्या आठ जणांनाही आजी आणावी लागेल का?"

मी म्हणालो, तासाला जा. ती गेली. मधल्या सुट्टीत डबा उघडला, तसाच बंद केला. मग हजेरीपट समोर घेतला आणि अर्ज लिहिला. ही यादी मी कोणालाही न तपासता, शिक्षकखोलीत बसून, नुसते चेहरे आठवून केली. संस्कृती नोंदपत्रकही तसंच भरलं. पद्धत आजींची नाही, या मुलीची आहे. यादी रद्द करून नऊही मुलांना सकाळच्या शाळेतच ठेवावं. नऊजणांची नावं लिहिली, नंबर नाही. नावं सुरेख आहेत. शिक्षण कार्यालयात अर्ज देऊन प्रतीवर शिक्का घेतला, आणि येताना चित्रकला मास्तरांचं अभिनंदन करून आलो. ते घाबरले आहेत.

ता. क. ३ : फोन मात्र करा, आणि हे पत्र मिळताच करा. शनिवारी सकाळी दहाला तुकड्यांच्या याद्या फळ्यावर लागतात. एकदा लागल्या की कोणी काढत नाही. माझा अर्ज टपालाच्या ढिगात खाली आहे आणि तुमच्या कार्यालयात अर्ज किती दिवसांनी उघडतात ते तुम्ही मला सांगायला नको. साहेबांना एवढंच सांगा, की माझा भाचा खोटे तक्ते भरतो, स्वतः लिहून कबूल करतो, आणि तो कागद शनिवारच्या आत वाच. माझ्या बाजूनं शब्द टाकणं तुम्हाला कधीच जमलं नाही, मामा. माझ्याविरुद्ध टाकायला तर काही हरकत नसावी.